सराफ बाजारातल्या अप्पांचं जुन्या नाण्यांचं दुकान

सोलापुरात जुनी नाणी मिळायच्या जागा कमी नाहीत. गड्ड्याच्या जत्रेत कापडावर ढीग मांडून बसणारे येतात, मंगळवार बाजारात भंगारवाल्यांकडे डबे असतात, सराफांकडे मोडीत आलेले रुपये पडून असतात. पण हे नाणं कुणाचं, कुठल्या टांकसाळीचं आणि किती चांगल्या अवस्थेतलं, या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तर मिळेल अशी जागा मला एकच माहीत आहे. मधल्या मारुतीकडून सराफ बाजारात शिरलं की भांड्यांच्या दुकानांच्या पुढं, जिन्याखालच्या गाळ्यात अप्पा बसतात.

दुकानाचं नाव मी देत नाही, तशी त्यांचीच विनंती आहे. कुणीतरी त्यांचा फोन नंबर एका ग्रुपवर टाकला, आणि ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट अन् वैष्णोदेवीचं नाणं 'पाच लाखांना घेता का' असं विचारणाऱ्यांची रीघ लागली. सराफ बाजारात कुणालाही 'नाणीवाले अप्पा' म्हणून विचारा, बोट दाखवतील.

मी एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. व्हिक्टोरिया राणीचे रुपये आणि निजामाचे हाली सिक्के जमवते. हाली सिक्क्यांचं वेड आईच्या माहेरामुळं लागलं. ते गाव नळदुर्गकडचं, म्हणजे पूर्वीच्या निजामाच्या राज्यातलं, आणि तिकडच्या जुन्या घरांत चारमिनारचं चित्र असलेले हे रुपये अजून निघतात.

गाळा एवढासा. काचेचं काउंटर, त्यावर पांढऱ्या प्रकाशाचा वाकवता येणारा दिवा, शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि निळ्या मखमलीचा एक ट्रे. बसायला दोन स्टुलं. गिऱ्हाईक आलं की अप्पा आधी हात पुसायला कापड देतात आणि म्हणतात, "कड धरा, तोंडाला हात नको." नाणं दोन बोटांत कडेनं धरायचं, ते मखमलीवरच धरायचं म्हणजे सुटलं तरी आपटत नाही. कुठल्याही संग्राहकानं शिकायची ही पहिली गोष्ट, आणि इथं ती पहिल्याच मिनिटाला शिकवली जाते.

दुकानाची खरी किंमत आहे ती नाण्यांसोबतच्या चिठ्ठ्यांत. प्रत्येक नाण्याच्या पाकिटात अप्पांच्या हातची बारीक अक्षरातली चिठ्ठी असते: राजवट, साल, टांकसाळ, वजन, ग्रेड (अवस्थेचा दर्जा) आणि दोष. किंमत चिठ्ठीवर नसते. ती विचारल्यावर सांगतात, आणि तीही तुम्ही चिठ्ठी वाचून नाणं नीट बघितल्यावरच. 'कडी काढलेली', 'भोक बुजवलेलं', 'घासून साफ केलेलं', 'कडेला ठोका' हे शब्द त्या चिठ्ठ्यांवर इतक्या मोकळेपणानं लिहिलेले असतात, की बाहेर ऑनलाइन नाणी बघून आलेल्या माणसाला आधी वाटतं, इथं सगळा मालच सदोष आहे. तसं नाही. तेच दोष इतर ठिकाणी लिहिलेले नसतात, एवढाच फरक.

एका उदाहरणानं सांगते. अप्पांकडे औरंगजेबाचा चांदीचा रुपया होता. पुढच्या बाजूला त्याचा नेहमीचा फारसी शेर, 'सिक्का ज़द दर जहाँ चु बद्र-ए-मुनीर', म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रासारखं नाणं जगात पाडलं. सोन्याच्या मोहरेवर याच शेरात चंद्राच्या जागी सूर्य येतो. मागच्या बाजूला राज्यवर्ष, म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते, आणि टांकसाळीचं नाव. औरंगजेबाच्या काळात सोलापुरातही टांकसाळ होती, त्या रुपयांवर 'ज़र्ब शोलापूर', म्हणजे सोलापुरात पाडलेलं, असं येतं. आपल्या गावाचं नाव असलेला रुपया म्हटल्यावर इथल्या प्रत्येक संग्राहकाचा जीव त्यात अडकणार हे उघड आहे. अडचण अशी, की हातानं पाडलेल्या या नाण्यांत ठशाचा घेर नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळं मजकुराचा काही भाग कायम बाहेर जातो, आणि बऱ्याचदा तो टांकसाळीचाच असतो. अप्पांच्या नाण्यावर फक्त 'पूर' दिसत होतं.

जुळे सोलापुरातले एक गृहस्थ ते सोलापूरचं म्हणून घ्यायला तयार होते आणि त्याप्रमाणे जास्तीचे पैसेही काढून बसले होते. अप्पांनी चिठ्ठी बदलली नाही. चिठ्ठीवर होतं: 'टांकसाळ अपूर्ण, शेवटी पूर'. विजापूर आहे, बुऱ्हाणपूर आहे, पूर काय एका गावाच्या मालकीचं नाही, असं त्यांनी त्यांना समजावलं आणि नाणं साध्या मोगल रुपयाच्या दरानं दिलं. पुढं एकदा त्यांच्याकडे दुसरं आलं, त्यात 'शोला' हा भाग स्वच्छ होता. तेव्हा त्यांनी दर चढा लावला आणि एक रुपया कमी केला नाही. दोन्ही वेळा ते बरोबर होते. नाण्यावर जेवढं दिसतं तेवढंच चिठ्ठीवर लिहायचं, हा नियम ते फायद्यासाठीही मोडत नाहीत आणि भावनेसाठीही.

ग्रेडबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवीन लोक इथंच फसतात. आपल्याकडे व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं) ही अक्षरं सर्रास वापरली जातात. त्यांच्यामागं सत्तर गुणांची पट्टी आहे. ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेतल्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली आणि नंतर ती सगळ्या नाण्यांना लावली गेली. साठ आणि त्यावरचं नाणं न वापरलेलं, पन्नास ते अठ्ठावन्न म्हणजे वापराचा नुसता स्पर्श झालेलं, चाळीस-पंचेचाळीसला एक्सएफ, वीस ते पस्तीस व्हीएफ. परदेशी कंपन्या नाणं तपासून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून हा आकडा देतात. नाणं घासलेलं निघालं तर आकडा न देता तसा शेरा मारतात. आपल्याकडचे विक्रेते मात्र अक्षरं स्वतःच लावतात. त्यामुळं एकाचं एक्सएफ दुसऱ्याचं व्हीएफ असतं.

अप्पांचं ग्रेडिंग कडक आहे. त्यांचं व्हीएफ मी बाहेर एक्सएफ म्हणून विकलेलं बघितलं आहे. ते ठरवतात कसं, हे बघायला रविवारी सकाळी जायला हवं. दहाच्या सुमारास चार-सहा नेहमीचे लोक जमतात, चहा येतो, आणि कुणीतरी एक नाणं मखमलीवर ठेवतं. अट एकच: मालकानं आधी ग्रेड सांगायची नाही. सगळ्यांनी बघायचं, सगळ्यांनी बोलायचं, अप्पा शेवटी.

मी गेले होते तेव्हा मखमलीवर १८४० चा व्हिक्टोरियाचा रुपया होता, तुटक अक्षरांचा. या सालाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरून सलग जातात, दुसऱ्यात डोक्यानं ती दोन्ही बाजूंना विभागलेली असतात. नाण्यावर साल १८४० असलं तरी ते पुढं वीसेक वर्षं तसंच पाडत राहिले. पूर्वी सराफ जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा कापत, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं बंगालच्या सिक्का रुपयावर १९ हे राज्यवर्ष गोठवून ठेवलं होतं, ही जुनी हकिकत अप्पा अशा वेळी सांगतात. सराफाच्या तोंडून ऐकायला ती छान वाटते.

वालचंद कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "अप्पा, हे पक्कं एक्सएफ आहे की हो." पूर्व भागातले एक मामा आहेत, त्यांचे यंत्रमाग आहेत. ते भिंग आणत नाहीत, कापडाचे धागे मोजायची पिक ग्लास खिशातून काढतात, ती घडी उघडून नाण्यावर उभी करतात आणि डोळा लावतात. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कानावरचे केस बघ की बे आधी."

कानावरचे केस सपाट होते. मुलगा म्हणाला झीज आहे, म्हणजे व्हीएफ. मामा म्हणाले झीज नाही, ठसाच कमी बसलाय. इथून जी चर्चा सुरू झाली ती मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेली.

नाणं वापरात झिजतं तेव्हा आधी उंच भाग जातो. राणीच्या या मुखवट्यात कानावरचे केस आणि गाल. पुढं १८६२ पासूनच्या मुकुटवाल्या मुखवट्यात मुकुटाचे खडे आणि पोशाखावरची नक्षी. एडवर्डच्या रुपयात भुवई, कान आणि दाढी. पंचम जॉर्जच्या रुपयात मुकुट आणि कान. झिजलेला भाग गुळगुळीत होतो, त्याचा रंग आजूबाजूपेक्षा मंद, राखट दिसतो, आणि मूळची झळाळी तिथून गेलेली असते. ठसा कमी बसलेल्या जागीही तपशील नसतो, पण तिथं झळाळी शाबूत असते आणि चकतीचा मूळ खरबरीत पोतही दिसतो. म्हणून नाणं दिव्याखाली सरळ धरून काही कळत नाही. ते तिरकं करून सावकाश फिरवायचं. न वापरलेल्या चांदीवर प्रकाशाची पट्टी अखंड फिरते. झीज असेल तिथं ती तुटते.

अप्पांनी दिवा खाली ओढला आणि नाणं फिरवलं. पट्टी कानावरून न तुटता गेली. गालावर मात्र किंचित अडली. म्हणजे केस ठशामुळं सपाट होते आणि गालाला थोडा वापर लागला होता. अप्पांनी चिठ्ठी लिहिली: 'एक्सएफ, कानावर ठसा अशक्त'. मुलाचं पहिलं उत्तर बरोबर ठरलं, पण कारण मामांचं होतं. 'झीज' आणि 'अशक्त ठसा' या दोन शब्दांचा फरक किमतीत मोठा पडतो, आणि तो फरक नुसत्या फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही. ऑनलाइन महागाचा रुपया घेणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

साफ केलेल्या नाण्यांबद्दल अप्पा हळवे आहेत, आणि मीही. आपल्या घरांत लक्ष्मीपूजनाचे रुपये दर दिवाळीला चिंच लावून, नाहीतर रांगोळीनं घासून लख्ख करायची रीत आहे. पूजेसाठी ते योग्यच. पण घासल्यावर पृष्ठभागावर एका दिशेच्या हजारो बारीक रेघा उमटतात आणि मूळ कातडी कायमची जाते. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला निळसर-करडा, कडेला सोनेरी थर ही घाण नाही, तो नाण्याचा पुरावा आहे. माझ्यासमोर एक बाई सासूबाईंचे सात रुपये पितांबरीनं चकचकीत करून घेऊन आल्या होत्या. त्यांत १९११ चा पंचम जॉर्ज होता.

त्या रुपयाची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. राजाच्या झग्यावर हत्तीची आकृती आहे. ती अशी कोरली गेली की लोकांना डुक्कर वाटलं, ओरड झाली आणि नाणं मागं घेतलं. ९४ लाख पाडले होते, वाटले गेले ७ लाखांच्या आसपास. १९१२ पासून सोंड आणि कान स्पष्ट केलेला हत्ती आला. अप्पांनी त्या बाईंना भिंगातून तो हत्ती दाखवला, नाण्याला इतर सहांपेक्षा जास्त भाव दिला, आणि न घासता आणला असता तर किती दिला असता तेही सांगितलं. दुसऱ्या कुणी हे सांगितलं नसतं. गिऱ्हाइकाला ते कळलंच नसतं, आणि व्यवहार विनासायास झाला असता.

आता ओळख पटवण्याच्या सेवेबद्दल. एखाद-दुसरं नाणं असेल तर अप्पा पैसे घेत नाहीत. आजोबांची अख्खी पिशवी निवडून, प्रत्येकाची चिठ्ठी करून हवी असेल तर नाण्यामागं वीस रुपये. माझ्या मते हा दर फार कमी आहे. कारण प्रत्येक नाण्याला ते खरोखर वेळ देतात. आधी वजन. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे पूर्वीचा एक तोळा. झिजलेला थोडा कमी भरतो, पण जास्त भरला तर शंका घ्यायची. मग चुंबक. चांदी चिकटत नाही. १९४७ चा वाघाचा रुपया मात्र चिकटतो, कारण तो शुद्ध निकेलचा आहे, तेव्हा घाबरायचं नाही. मग कडेचे कंगोरे. ओतीव नकली नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ सापडते आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात.

तरी शंका राहिली तर पाण्याचा प्रयोग. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करायचा, नाणं दोऱ्यानं पाण्यात लोंबतं सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवील त्यानं नाण्याच्या वजनाला भागायचं. माझा एक रुपया ११.५७ ग्रॅमचा, पाण्यात १.१२ दाखवला, भागाकार १०.३३. जुन्या ९१.७ टक्के चांदीला हेच यायला हवं. १९४० पासूनच्या षष्ठ जॉर्जच्या रुपयांत चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल, जस्त, त्यामुळं तिथं साडेनऊ येतं. नाण्याला ओरखडाही न काढता चांदी तपासायची ही रीत घरी करता येते. कसोटीवर घासू देऊ नका, एवढं मी कळकळीनं सांगते.

निजामाच्या नाण्यांत अप्पांची नजर तयार आहे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं. 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. सुरुवातीच्या काही नाण्यांत हा ऐन अपुरा आहे, नंतर पूर्ण, आणि संग्राहक ते वेगळे धरतात. हाली रुपया ब्रिटिश रुपयापेक्षा हलका, ११.१८ ग्रॅमचा, चांदीही कमी. हा फरक माहीत नसलेले लोक त्याला वजन कमी म्हणून नकली ठरवतात. नळदुर्ग, तुळजापूर, अक्कलकोट रस्त्यावरच्या गावांतून अजून हे नाणं येतं, त्यामुळं सोलापुरात ते पुण्यापेक्षा स्वस्त आणि चांगल्या अवस्थेत मिळतं. हाली सिक्के जमवणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी सोलापूरला यावं.

लमाण तांड्यांवरच्या बायकांच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळाही इथं मोडीला येतात. त्यातल्या बहुतेक रुपयांना कडी डागलेली. कडी काढली तरी वरच्या कडेला डागाचा पिवळट चट्टा आणि कंगोरे बुजलेले राहतात. अशा रुपयाची किंमत चांदीएवढीच. पूर्ण वजनाच्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, त्याला त्या दिवशीच्या भावानं गुणायचं. अप्पा हा हिशोब पाटीवर मांडून दाखवतात. पण माळेतलं प्रत्येक नाणं उलटून बघितल्याशिवाय ती काट्यावर टाकत नाहीत. १८६२ चे रुपये तर भिंगाखालीच जातात, कारण १८७४ पर्यंत साल तेच ठेवून पाडलेल्या या नाण्यांत मुंबईच्या टांकसाळीनं मागच्या बाजूला बारीक ठिपके टाकून पाडल्याचं वर्ष दाखवलं, आणि काही ठिपक्यांचे रुपये दुर्मीळ आहेत. एका आजीबाईंच्या माळेतून असा एक निघाला. अप्पांनी तो बाजूला काढून त्याचे वेगळे पैसे दिले. आजीला ठिपके दिसलेही नाहीत.

शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, मात्र मोकळ्या टोपलीत असतात, निवडायची तुम्ही. 'श्री राजा शिव' आणि मागं 'छत्रपति'. त्यांना सत्तर गुणांची पट्टी लावू नये असं अप्पांचं मत आहे, आणि मला ते पूर्ण पटतं. हातानं पाडलेल्या तांब्याच्या नाण्यात अक्षरं किती पूर्ण आली, ठसा मधोमध आहे का, थर एकसारखा चढलाय का, हे बघायचं. कुठं 'शिव', कुठं 'सिव', कुठं चंद्र, कुठं फूल, कुठं पान. दोन आडव्या रेघांची दुदांडी वेगळी, ती उशिराची. शाळकरी मुलांना पहिलं नाणं घेऊन द्यायचं असेल तर या टोपलीतून द्या. शंभर रुपयांत महाराष्ट्राच्या इतिहासातलं खरंखुरं नाणं हातात येतं, आणि अप्पा मुलाला ते वाचायला शिकवतात.

राम दरबाराची, हनुमानाची, 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' लिहिलेली तांब्याची नाणी घेऊन जाऊ नका. मद्रासेत कंपनीनं देवांच्या मूर्तींचे पगोडे, म्हणजे सोन्याची छोटी नाणी, पाडले होते हे खरं आहे, पण ही तांब्याची नाणी कंपनीनं कधीच पाडली नाहीत. ती अलीकडं बनवलेली आहेत. तांदूळ ओढणारं नाणं म्हणून जे सांगतात ती तर सरळ फसवणूक. अप्पांनी रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचनेची प्रत काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँकेचं नाव वापरून कमिशन किंवा कर मागणाऱ्यांना बळी पडू नका, असं त्यात सांगितलं आहे. आणि शेतात हंडा सापडला म्हणून माती लागलेली नाणी घेऊन येणाऱ्याकडून ते एकही नाणं घेत नाहीत. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिली आणि गंभीर म्हणजे पाकिटं. जुन्या ट्रेमधली बरीच नाणी अजून मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा बेचाळीसच्या वर गेला की ते प्लॅस्टिक चिकट होतं आणि नाण्यावर हिरवट ओला थर सोडतं. तांब्याचं तर त्यानं कायमचं नुकसान होतं. हे बोलल्यावर अप्पांनी नव्या मालासाठी कडक डब्या आणि पुठ्ठ्याच्या चौकटी आणल्या, पण जुना माल तसाच आहे. तिथून घेतलेल्या नाण्याचं पाकीट घरी नेल्यानेल्या बदला. इतकी कडक नजर असलेल्या माणसानं हे मागं पाडावं याचं मला वाईट वाटतं.

दुसरी, स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांकडे त्यांचं लक्ष नाही. टांकसाळीच्या खुणा बघायच्या तर मुंबईचा पत्त्यांतला चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच खूण नाही, एवढं साधं वर्गीकरणही त्या डब्यांत केलेलं नाही. १९८५ च्या रुपयांत बाहेरच्या देशांत पाडलेले आहेत, 'एच' खुणेचे, तेही सगळे एकत्र. ही नाणी शोधायची असतील तर कॉलेजातल्या त्या मुलालाच गाठा, त्याला पाठ आहेत.

तिसरी, १९११ चा आणि १९३९ चा रुपया अप्पा महाग लावतात. १९३९ चा मुंबईचा रुपया दुर्मीळ आहे हे मान्य, आणि शेवटचा आकडा ८ चा ९ केलेला नाही ना हे ते भिंगाखाली दाखवून देतात, आकड्याभोवतीची जागा घासलेली नाही हे समजावतात. तरी पुण्याच्या प्रदर्शनांत त्याच ग्रेडचा मी कमी दरानं बघितला आहे. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. मागाच. चिठ्ठीतला मजकूर पावतीवर उतरवून घ्या, ते हसतमुखानं करून देतात, आणि ग्रेड चुकीची निघाली तर नाणं परत घेतात. एका ओळखीच्यांचं त्यांनी दोन महिन्यांनी परत घेतलेलं मी बघितलं आहे.

रविवारी दहा ते एक, इतर दिवशी अकरा ते दोन आणि पाच ते आठ. सोमवारी बंद. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जाऊ नका, गाळा तापतो आणि अप्पा शटर अर्धं ओढून आत पडलेले असतात. गड्ड्याच्या दिवसांत त्या भागात गाडी लावायला जागा मिळत नाही, लांब लावून चालत या. नाणी दाखवायला नेणार असाल तर एकमेकांवर खडखडू देऊ नका, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळा, आणि घासू तर मुळीच नका. हाली सिक्के काउंटरवर मांडलेले नसतात, खालच्या लाकडी पेटीत असतात, नाव घेऊन मागावे लागतात.